बसलेला गडी

७ जुलै, सोमवार

संतोष सरांनी फर्मान काढलंय की प्रत्येक खेळाडूने रोजचा सराव लिहून काढायचा. किती धावलो, काय खाल्लं, कुठे दुखलं. बाकीची पोरं मोबाइलवर चार शब्द टाकून मोकळी होतात. मला मोबाइलवर लिहायचा कंटाळा, म्हणून ही वही. आणि वही घेतलीच आहे तर नुसतं धावणं कशाला, मनातलंही लिहीन. सरांना दाखवायची नाहीच.

मी योगेंद्र, राहणार कडाव, वय चोवीस, कर्जतच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातली पोरं मला काका म्हणतात. आधी राग यायचा, आता हाक मारली की मीच वळून बघतो. बारावी झाली तेव्हा बाबांचं दुखणं सुरू झालं, म्हणून मी खालापूरकडच्या एका कंपनीत पुठ्ठ्याची खोकी बांधायला लागलो. त्यात पाच वर्षं गेली. मग धाकट्या बहिणीला, हर्षलाला, कर्जतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि तीच म्हणाली, दादा, आता तू शिक.

फुटबॉलचं म्हणाल तर गेल्या दिवाळीपर्यंत मी त्याला पायसुद्धा लावला नव्हता. आमच्याकडे पोर चालायला लागलं की कबड्डीच्या मातीत सोडतात. कॉलेजात कबड्डीची निवड चालू होती, मी दोन गडी पकडून खाली घेतले. संतोष सर बाजूला उभे होते. त्यांचा गोलकीपर हर्षद पुण्याला निघून गेला होता. मला म्हणाले, "गोलात उभा राहशील?" मी विचारलं, "पाय लावावा लागतो का?" म्हणाले, "हात चालतात." म्हटलं, मग राहतो.

विद्यापीठाच्या स्पर्धेत पंचविशीपर्यंतच खेळता येतं. म्हणजे हा मोसम माझा पहिला आणि हाच शेवटचा. वरातीमागून घोडं म्हणतील लोक. म्हणोत. विभागात जिंकलो आणि बरा खेळलो तर विद्यापीठाच्या संघात घेतात. मला आजवर कोणी कुठेच निवडलेलं नाही. यंदा निवडायला हवं.

९ जुलै, बुधवार

भाताच्या आवणीमुळे सरावाला गेलो नाही. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरली.

संध्याकाळी म्हशींची धार काढून ओट्यावर टेकलो तर बाबांनी माझा घोटा धरला. "योग्या, इकडं बघ. नजर त्याच्या कमरंवर ठेवायची. पाय आला की कपाळ त्याच्या गुडघ्याला लावायचं आन् घोटा आवळायचा. मग देव आला तरी सोडायचा नाय." मी म्हटलं, व्हय बाबा. थोड्या वेळाने परत, "योग्या, इकडं बघ." रात्रीच्या जेवणापर्यंत मी घोट्याची पकड बऱ्याच वेळा शिकलो.

आमचे बाबा म्हणजे चांगो. पेणपासून नेरळपर्यंत जुन्या माणसांना विचारा, डाव्या कोपऱ्यातली चांगोची पकड अजून सांगतील. डोकं आधी जायचं, मग हात. तीच पकड त्यांनी मला शिकवली, मी शाळेत असताना. बाबा आता साठीचेही नाहीत, पण चांगलं माणूस हळूहळू विसरत गेलं. आधी नावं, मग वाट. पनवेलचा डॉक्टर म्हणाला, मेंदू सुकत चाललाय. गावात कोणी म्हणतं ताडी जास्त झाली. बाबांनी आयुष्यात ताडीला हात लावलेला नाही. ज्याचं त्याचं नशीब, दुसरं काय.

ते मधूनच उठून चालायला लागतात. एकदा थेट भिसेगावात सापडले. तेव्हापासून आईने त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात आतून कापडाची पट्टी शिवली आहे, तिच्यावर धाग्याने आमचा फोन नंबर.

२६ जुलै, शनिवार

सर माझ्यावर खेकसले. म्हणाले, "योगेंद्र, समोरून एकटा स्ट्रायकर आला की तू पायावर झेप घेतोस ते बरोबर. पण डोकं पुढे का? आडवा पड, हात पुढे, डोकं हातांच्या मागे." मला सगळं समजतं. पण पाय दिसला की अंगातला चांगो जागा होतो आणि कपाळ आधी पोचतं.

दहा-बारा वेळा करून घेतलं. एकदाही जमलं नाही, पण एकही चेंडू आत गेला नाही. शेवटी सर हसले. "असू दे. तुझी पद्धत तुझ्यापाशी." रूपेश आमचा कॅप्टन आहे, भिसेगावचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो म्हणाला, "काका, तुमच्यासमोर यायला आपलीच पोरं टरकतात." मला फार बरं वाटलं. कंपनीत पाच वर्षांत मला कोणी घाबरलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिताना हसू येतंय आणि लाजही वाटते आहे.

स्वातंत्र्यदिनाची निमंत्रित स्पर्धा होती, खोपोलीच्या संघाशी सामना. पहिल्याच भागात त्यांचा एक आडदांड गडी चेंडू घेऊन आला. मी झेपावलो, चेंडू घेतला आणि त्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. क्षणभर सगळं पांढरं झालं. कान वाजायला लागले. मला वाटलं, आपण बाद. उठलो आणि गपचूप रेषेबाहेर जाऊन बसलो.

सर धावत आले, "काय झालं? बदली गोलकीपर पाठवू?" मी म्हटलं, पाठवा. माझ्या डोक्यात हिशेब साधा होता. कबड्डीत गडी बाद झाला की बाहेर बसतो, आपल्या संघाने समोरचा गडी मारला की बसलेला गडी उठतो आणि परत मैदानात जातो. बसण्यात कमीपणा नसतो. म्हणून मी बसून वाट बघत होतो. रूपेशने गोल मारला. मी ग्लोव्ज घट्ट केले आणि धावत जाऊन गोलात उभा राहिलो.

रेफ्रीने शिट्टी मारली. एका गोलात दोघं गोलकीपर. खोपोलीवाल्यांनी पोट धरधरून हसून घेतलं, आमच्यांनीही. सरांनी दंडाला धरून बाहेर आणलं आणि म्हणाले, "अरे, इथे एकदा बाहेर गेलेला परत येत नाही." त्यानंतर आम्ही तीन गोल खाल्ले.

आता कळलं. या खेळात बसलेला गडी उठत नाही. म्हणजे बसायचंच नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

डोकं दुखतंय. परवा पावसाची उघडीप होती, ऊन लागलं असणार. खिडकीतला उजेडही नको वाटतो.

हर्षला ड्यूटीवरून आली आणि माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत बसली. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंस, शंभरातून सात वजा कर, मग परत सात. मी म्हटलं, बाई, मी कॉलेजात आहे, बालवाडीत नाही. ती हसली नाही. "दादा, डोक्याला मार बसलाय तुज्या. तीन आठवडे मैदानाकडं फिरकायचं नाय. आन् पुन्हा लागलं तर पहिल्यापरीस वाईट आसतं."

मी बरं म्हटलं. तिचं कामच आजाऱ्यांत, तिला सगळीकडे आजार दिसतो.

२० ऑगस्ट, बुधवार

सरावाला गेलो. सरांनी विचारलं, "कसं आहे डोकं?" म्हटलं, जागेवर आहे. सर म्हणाले, "शाब्बास. बदलीचा तो नवा पोरगा अजून कच्चा आहे, तू नसलास तर माझं काही खरं नाही." हर्षलाला सांगितलं की लायब्ररीत बसलो होतो.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपती उरकले. आज कॉर्नरचा सराव होता. गर्दीत उडी मारली तर रूपेशचं कोपर लागलं, जरासंच. पण लगेच मळमळायला लागलं. पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओकलो. नेमका रूपेश तिथे आला. मी म्हटलं, गौरीच्या सणाला वडे जास्त झाले. तो म्हणाला, "काका, सरांना सांगू का?" मी म्हटलं, "सांगितलंस तर मी तुला रस्त्यात ओळख दाखवणार नाही." त्याने सांगितलं नाही. चांगला पोरगा आहे.

एक गंमत. घरी येताना कडावला न उतरता टेंपोत बसूनच राहिलो. ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा गाव बरंच मागे पडलं होतं. कसला विचार करत होतो तेही आठवेना.

१८ सप्टेंबर, गुरुवार

जिंकलो. पहिला विभागीय सामना, आणि तोही अलिबागकडच्या तगड्या संघाशी.

शेवटच्या मिनिटाला त्यांचा स्ट्रायकर एकटा सुटला. समोर मी. त्याची कंबर बघितली, पाय बघितला आणि गेलो. चेंडू छातीशी आला आणि बूट कपाळावर आला. चेंडू सोडला नाही. देव आला असता तरी सोडला नसता. सगळी पोरं अंगावर पडली, मला खांद्यावर घेतलं, आणि बघायला आलेली माणसं "चांगोचा पोरगा, चांगोचा पोरगा" म्हणत होती. बाबांचं नाव मी फुटबॉलच्या मैदानावर ऐकलं.

विद्यापीठाच्या निवड समितीचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी सरांना माझं वय विचारलं. सर म्हणाले, "उशिरा आलाय, पण आलाय." मी हे शब्द कधी विसरणार नाही.

रेफ्रीने विचारलं होतं, बाहेर जायचं का. रूपेश सांगतो की मी त्याला हात जोडून नको म्हणालो. मला ते आठवत नाही. खरं तर शेवटची झेप सोडली तर दुसरा अर्धा भागच आठवत नाही. रूपेशने घरापर्यंत येताना सगळा सांगितला. माझाच खेळ मी गोष्टीसारखा ऐकला आणि मजा वाटली.

५ ऑक्टोबर, रविवार

आज वाईट झालं.

सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीला निघालो आणि अर्ध्या वाटेत कळलं की किटली रिकामी आहे. दूध घरी बादलीतच. परत आलो तर हर्षला हसली, नेहमीसारखी चेष्टेत म्हणाली, "दादा, पाणी तरी न्यायचं." आणि मला एवढा संताप आला की मी समोरचं भाकरीचं ताट उचलून भिंतीवर मारलं. आईला काहीतरी बोललो. काय बोललो ते लिहवत नाही. जन्मात मी आईसमोर आवाज चढवला नव्हता.

आईने भाकरीचे तुकडे वेचले. वर न बघता म्हणाली, "काय नाय रं. बस. जेव." बाबांशी बोलते त्या आवाजात. नंतर मी गोठ्यात जाऊन रडलो. सामन्यांचा ताण येतोय बहुतेक. दिवाळीत विश्रांती घेईन.

९ नोव्हेंबर, रविवार

भातकापणी चालू आहे. दुसरा सामना दिवाळीआधीच जिंकलो, तेव्हा लिहायचं राहिलं. आता अंतिम सामना तेवढा उरलाय, डिसेंबरात, खोपोलीला. समोर तेच, १५ ऑगस्टला हसलेले.

आज हर्षलाशी कडाक्याचं भांडण. तिने मला न विचारता पनवेलला डोक्याचा फोटो काढायची वेळ ठरवून टाकली होती. मी म्हटलं, मला वेळ नाही, झोडणी आहे, सराव आहे. ती शेताच्या बांधावर उभी राहून म्हणाली, "दादा, बाबांच्या डोक्याला किती येळा लागलं आसंल, कधी इचार केलास? प्रत्येक पकडीला गुडघा डोक्यात. गावात समदे टाळ्या वाजवत व्हते. कुणी बसवलं का त्यांना? आन् आता तुला तेच चाललंय."

मी म्हटलं, बाबांना दैवाने झालं. कबड्डी खेळणारे गावात शंभर आहेत, ते काय वेडे झाले? म्हणाली, "समद्यांची पकड चांगोची नव्हती." मी विळा टाकून निघून आलो. स्वतःच्या बापाबद्दल, त्याच्या खेळाबद्दल असं बोलते. चार पुस्तकं शिकली म्हणून नाकापेक्षा मोती जड झालाय.

बाबा बांधावर बसून पेंढ्यांकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "कितीला किती झालं?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षला माझ्या माघारी कॉलेजात जाऊन सरांना भेटली. सरांनी मला सगळ्या संघासमोर बोलावलं. "तुझी बहीण आली होती. काळजीत आहे बिचारी. आता तू सांग, तुला काही त्रास आहे का?" अकरा पोरं माझ्याकडे बघत होती. बदलीचा गोलकीपर तर ग्लोव्ज घालून तयारच होता. मी म्हटलं, मला काही नाही सर. सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग झालं तर. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. घरच्यांना जरा समजावून सांग, एकच सामना उरलाय."

सरांचा माझ्यावर फार जीव आहे. रूपेश मात्र बुटांची नाडी सोडत आणि बांधत बसला होता. घरी जाताना माझ्याशी बोलला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

संतोष सरांनी सांगितलंय की रोजचा सराव लिहून काढायचा, म्हणून आजपासून ही वही सुरू करतो. मी योगेंद्र, राहणार कडाव, वय

मागची पानं आता दिसली. मी जुलैपासूनच लिहितोय. आपलंच अक्षर, आपल्यालाच नवल. कापणीने जीव शिणलाय, दुसरं काही नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्या अंतिम सामना. निवड समिती येणार आहे.

दुपारी पिशवी भरायला घेतली तर ग्लोव्ज नाहीत. घर उलटंपालटं केलं. आई चुलीपुढे बसली होती, तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं?" आई खोटं बोलली की पदर तोंडाशी नेते. माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "आय, कुठं ठेवलंस?" ती म्हणाली, "योगेंद्र, तुजा बाप आसाच हातचा ग्येला म्हणून मी रोज देवीपुढं रडते. तू नको जाऊ. तुज्या पाया पडते." आणि खरंच वाकली. मी तिला धरून उभी केली. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. आईने मला कधीच कुठे जाऊ नको म्हटलं नव्हतं, कंपनीत जातानाही नाही.

मी जवळजवळ नाही म्हणणार होतो. हे खरं लिहितो. तोंडापर्यंत आलं होतं की बरं, नाही जात. इतक्यात आतल्या खोलीतून बाबा आले. अंगाला भाताची तुसं लागलेली, हातात माझे ग्लोव्ज. आईने कणगीत खोल खुपसून ठेवलेले, त्यांनी उकरून काढले होते. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही, पण आईला ते पुरताना त्यांनी पाहिलं असणार. माझ्या हातात देत म्हणाले, "सामना हाय ना? मग जा की. मैदान वाट बघतंय." पकड शिकवणं सोडलं तर कित्येक वर्षांत बाबा माझ्याशी इतकं सरळ बोलले नव्हते.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी ग्लोव्ज पिशवीत भरले. बापाने स्वतःच्या हाताने दिलं, याहून मोठा आशीर्वाद कोणता.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळ. डेअरीत दूध घालून आलो, किटली भरलेली आहे का ते दोनदा बघून. डोकं आज अजिबात दुखत नाही. हर्षला रात्रपाळी करून आली तेव्हा मी निघायच्या तयारीत होतो. भांडेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त माझ्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि म्हणाली, "मी येते मैदानावर. बाहेर उभी ऱ्हाते." म्हणजे राग गेला.

आज बसायचं नाही. काही झालं तरी.

४ जानेवारी

हर्षला म्हणाली लिही. थोडं लिही. हात चालायला हवा.

खोपोलीला सामना झाला. मला आठवत नाही. ती सांगते ते लिहितो. त्यांचा गडी आला. मी गेलो. उठलो नाही. चेंडू हातात होता. सोडत नव्हतो. तिने आणि रूपेशने बोटं उघडली. मग पनवेलला नेलं. डोक्यात रक्त साठलं होतं. कवटी उघडली. आता केस नाहीत. टाके आहेत.

आपण जिंकलो म्हणते.

१२ जानेवारी

रूपेश आला. पदक घेऊन आला. खाली बघून बसला होता. म्हणाला, दादा, माझं चुकलं, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला पहिल्यांदा दादा म्हणाला. कशाबद्दल म्हणतो ते कळलं नाही, पण तो रडायला लागला म्हणून मी म्हटलं, असू दे रे.

त्याला विचारलं, अंतिम सामना कधी आहे? मला निवड समितीपुढे खेळायचंय. तो हर्षलाकडे बघायला लागला. ती म्हणाली, झाला दादा, जिंकलास. ती म्हणते मी हे रोज विचारतो. मला नाही वाटत.

सर अजून आले नाहीत. त्यांना कामं असतात.

२१ जानेवारी

डेअरीपर्यंत गेलो. एकटा. येताना वाट चुकली. शेजारच्या जना मावशीने हात धरून घरी आणलं. आपल्याच गावात. हसायला आलं.

आई दुपारभर शिवत बसली होती. संध्याकाळी मला शर्ट घालायला दिला. खिशात हात घातला तर आत कापड लागलं. पट्टी. तिच्यावर लाल धाग्याने नंबर. मी म्हटलं, आय, हा बाबांचा शर्ट हाय. ती म्हणाली, नाय रं, तुजाच हाय. चुकून बाबांची पट्टी माझ्या शर्टाला लावली बहुतेक. तिची नजर आता कमी झाली आहे. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही.

१ फेब्रुवारी

बरं वाटतंय. ऊन चांगलं आहे.

गावदेवीच्या मैदानात पोरं कबड्डी खेळत होती. ओट्यावरून दिसतं. बाबा आणि मी बघत होतो. एक गडी बाद झाला, बाहेर बसला. मग त्याच्या संघाने दुसऱ्याला मारलं. तो उठला, धावत आत गेला. मला आठवलं, मलाही जायचंय. कुठे ते आठवत नव्हतं, पण उशीर होतोय एवढं कळत होतं. मी उठलो. चपला शोधायला लागलो.

बाबांनी माझा घोटा धरला. जुनी पकड. सुटेना.

म्हणाले, "बाद झालास ना? मग बस. आपण त्यांचा गडी मारला की तुला उठवतील."

मी विचारलं, "आन् तुमी? तुमी कवापास्न बसलाव?"

बाबा हसले. "म्या? आत्ताच बसलोय."

मग मी त्यांच्याजवळ बसलो. आईने आतून दोघांना जेवायला हाक मारली.